पंडितनानांची पाव चक्कर

पंडितनानांच्या पिकअपचं स्टेअरिंग पाव चक्कर फिरवलं, तरी चाकांना त्याची खबर लागत नसे. तेवढं फिरून झालं की चाकं सावकाश वळायला लागत, आणि एकदा वळायला लागली की थांबायला तयार नसत. म्हणून नाना सरळ रस्त्यावरसुद्धा डावं-उजवं, डावं-उजवं करत बसत. शिरपूरच्या अलीकडच्या त्यांच्या गावात एवढी जुनी चालती गाडी दुसरी नव्हती, आणि ती नानांखेरीज कोणाला चालवताही येत नव्हती. पहिल्या गोष्टीचा त्यांना अभिमान होता. दुसऱ्या गोष्टीवर त्यांचं घरातलं वजन उभं होतं.

"मनी गाडी मनंच ऐकस," असं ते पारावर सांगत. खरं म्हणजे ती त्यांचंही ऐकत नसे, पण पारावर कोण तपासायला येतंय?

स्टेअरिंग सुधारण्याचे प्रयत्न त्यांनी केले नव्हते असं नाही. गावातल्या जाणकारांच्या सल्ल्यानं त्यांनी टायरमध्ये हवा जास्त भरून पाहिली, कमी भरून पाहिली. स्टेअरिंगला मखमलीचं कव्हर घातलं. त्यावर पकडायला काचेचा गट्टू बसवला, ज्यात गुलाबाचं फूल होतं. लिंबू-मिरची तर दर शनिवारी होतीच. मिस्त्रीला दाखवणं तेवढं राहून गेलं. एकदा मुलगा योगेंद्र गाडी घेऊन निघाला आणि शेजाऱ्याच्या कडब्याच्या गंजीत शिरला. नानांनी त्याला रागवायचं सोडून स्वतः चहा पाजला. इतका आनंद त्यांना त्याच्या बारावीच्या निकालानंही झाला नव्हता.

या गाडीचं वर्षातलं मोठं काम एकच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी दिलेल्या लेकी माहेरी येतात, आणि लेकीनं आपल्या पायानं यायचं नसतं. माहेरचा मुऱ्हाळी तिला घ्यायला जातो. पिंपळनेरला दिलेल्या थोरल्या बहिणीचे, भिकुबाईअक्कांचे, मुऱ्हाळी गेली अडतीस वर्षं पंडितनानाच होते. गाडी हलली की अक्कांचा पदर डोळ्यांना लागे, तो गावची वेस दिसेपर्यंत खाली येत नसे. नाना चारचौघांत सांगत, "देखा, माहेरनी माया!"

यंदा आखाजीच्या तोंडावर नानांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. डॉक्टरांनी काळा चष्मा दिला आणि बजावलं, महिनाभर गाडीला हात लावायचा नाही, वाकायचंही नाही. नाना हबकले. मुऱ्हाळी गेला नाही तर अक्का येणार नाहीत. एसटीनं एकटी आलेली बहीण म्हणजे माहेर तुटलेली बहीण, असं मानणाऱ्यांतल्या त्या. त्यात वय पंचाहत्तर. अशा किती आखाज्या आता उरल्या असतील?

"मी चालवते," सून ज्योती म्हणाली. ती रावेरकडची, केळीनं भरलेली ट्रॉली लावून ट्रॅक्टर चालवण्यात तिचं कॉलेज संपलं होतं. "पण आधी स्टेअरिंग नीट करून आणते."

"त्याले काय व्हयनं शे?" नाना म्हणाले. ज्योतीनं किल्ली उचलली.

गाडी धुळ्याला देवपुरातल्या हिलाल मिस्त्रींकडे गेली. त्यांनी स्टेअरिंग हलवलं, खाली वाकून चाकांकडे पाहिलं आणि विचारलं, "ही गाडी इथवर कशी आणली?" मग त्यांनी टाय रॉडचे झिजलेले सांधे बदलले, स्टेअरिंग बॉक्सचे बुश नवे घातले, वरचा स्क्रू बेतानं आवळून नटानं पक्का केला, चाकांची दिशा जुळवली. गाडी निघताना स्क्रूवर पांढऱ्या रंगाची रेघ ओढून दिली आणि म्हणाले, "ही रेघ हलली तर समजायचं, घरातल्याच कोणीतरी हात लावला."

गाडी घरी आली. डॉक्टरांची मनाई बाजूला ठेवून नाना आधी स्टेअरिंगवर बसले. अंगणातून वळताना सवयीनं पाव चक्कर फिरवली. चाकांनी या वेळी पहिल्या शब्दाला ऐकलं, आणि गाडी थेट गुरांना पाणी पाजायच्या हाळाला जाऊन भिडली. बंपरला पोचा आला, नानांच्या धोतरावर पाणी उडालं, आणि म्हशीनं मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं.

"मिस्त्रीनी गाडी बिघाडी टाकी!" नाना ओरडले.

मागोमाग ज्योतीनं तीच गाडी एका हातानं उलटी घेऊन गोठ्यालगत लावली. योगेंद्रनंही एक फेरी मारली आणि गंजीला न शिवता परत आला. पोरगं इतकं खूश झालेलं नानांनी बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं, आणि त्याचंच त्यांना वाईट वाटलं. सगळ्यांना चालवता येते, तर मग पंडितनाना कशाला हवेत?

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी घरात सगळे सांजोऱ्या तळण्याच्या मागे होते. वाकायला मनाई असलेले नाना काळ्या चष्म्यासकट बॉनेटखाली वाकले आणि त्यांनी तो रेघेचा स्क्रू सैल केला.

दुसऱ्या दिवशी दिवस उगवता ज्योती आणि नाना निघाले. गावाबाहेर पडले न पडले तोच स्टेअरिंग ढिलं लागलं, आणि ज्योतीनं गाडी लिंबाखाली उभी केली. उतरून बॉनेट उघडलं, रेघ पाहिली आणि परत खिडकीशी आली.

"नाना, पाना कुठंय?"

"कसाना पाना?"

"ज्याचं ग्रीस काल तुमच्या धोतराला लागलं होतं, तोच."

नानांनी सीटखालून पाना काढून दिला.

"किती सैल केला?"

"पाऊन फेरा," नाना म्हणाले. एवढ्या लाजेतही मापात चूक सांगणं त्यांना जमलं नाही. मग खाली बघत म्हणाले, "मंग मी काय नुसता बसीसन जाऊ?"

ज्योतीनं रेघ जागेवर आणली, नट आवळला, हात पुसले. "मुऱ्हाळी तुम्हीच, नाना. मी ड्रायव्हर."

हे त्यांना पटलं की नाही कोण जाणे. धुळं गेलं, साक्री गेलं, तरी त्यांचे हात मांडीवर डावं-उजवं करतच होते.

पिंपळनेरला अक्का पिशवी घेऊन ओट्यावरच बसल्या होत्या. जेवण उरकून तिघं परत फिरले. अक्का मध्ये बसल्या, पदर सवयीनं डोळ्यांना लावला आणि हेलकाव्यांची वाट पाहू लागल्या. एक वळण गेलं, दुसरं गेलं. साक्रीच्या पुढं त्यांनी पदर हळूच खाली घेतला.

"पंडित," त्या म्हणाल्या, "रस्ता ते सरय शे रे! इतला वरीस माले वाटनं, मना माहेरना रस्ताच वाकडा शे."

नाना हसले. मग त्यांचं लक्ष अक्कांच्या कोरड्या डोळ्यांकडे गेलं.

"अक्का, आज रडनी नही तू?"

"रडत कोन व्हतं? भ्याव लागे माले. पदर लाईसन देवना नाव लेत व्हतू."

"अडतीस वरीस?" नाना तिच्याकडे वळले. "मंग सांगं का नही?"

"सांगं असतं, आनि पुढला साल तू माले लेवाले उनाच नही ते?"

नानांनी काळा चष्मा काढला, पुसला, परत घातला. आपण बहिणीला दर वर्षी मरणाच्या भीतीत बसवून आणलं आणि तिची माया म्हणून गावभर मिरवलं, हे त्यांना आता कळलं, आणि फार लागलं. त्यांचे मांडीवरचे हात थांबले.

मग ते म्हणाले, "ज्योती, जरा सावकाश चाल. अक्काले रस्ता देखू दे."

ज्योतीनं वेग कमी केला, आणि अक्का पदर मांडीवर ठेवून समोर बघत राहिल्या.