पितृपक्षात राहिलेली लस

भाद्रपद वद्य प्रतिपदा. लसीचे अठराशे रुपये माझ्या खिशात होते. कोल्हारच्या दवाखान्यात आम्ही चौघे होतो: डॉक्टर, माझा थोरला भाऊ, वहिनी आणि मी.

तीस वर्षं गुऱ्हाळाच्या धुरात काढून दादाची फुफ्फुसं कामातून गेली होती. अंगणातून घरात येतानाही तो मध्ये उंबऱ्यावर टेकायचा. थंडीच्या आधी फ्लूची लस घ्या, असल्या छातीला साधा फ्लूही झेपत नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

"पन मला खोकला हाय. खोकल्यात सुई चालंल?" दादानं विचारलं.

"तुमचा खोकला रोजचाच आहे, तो थांबायची वाट बघू नका. अंगात ताप नाही ना? मग चालेल."

"तिच्यानं दम उसळला तर?"

"लसीनं फ्लू होत नाही. हात दुखेल, एखादा दिवस कणकण वाटेल. तुमचा श्वासाचा फवारा मात्र चालू ठेवायचा."

दादानं बाही वर केलीसुद्धा. तेवढ्यात वहिनी म्हणाली, "आज पक्ष लागला. पक्षात नवं काही अंगाला लावत न्हाईत. घट बसले की घेऊ."

"लस काय पैठणी हाय व्हय?" दादा हसला, हसता हसता खोकला. पण बाही खाली घेतली. तिचा शब्द तो मोडत नसे.

घट बसले, तर दादाचे नऊ दिवसांचे उपास. रिकाम्या पोटी सुई नको म्हणाला. दसऱ्याला ताप भरला. तपासणीत फ्लू निघाला. नगरच्या दवाखान्यात तो ऑक्सिजनवर होता. बोलायला दम पुरत नव्हता, म्हणून वहिनीला हातानंच विचारायचा, जेवलीस का? एका सकाळी तो हात उचललाच गेला नाही.

"तवा घेतली असती तर?" वहिनीनं नंतर डॉक्टरांना विचारलं.

"फ्लू तरीही होऊ शकला असता. इतका जड बहुतेक गेला नसता. खात्रीनं नाही सांगता येत."

ते 'बहुतेक' तिनं वर्षभर सोबत वागवलं.

गुऱ्हाळात जाळ घालायला तीच बसायची. आता तिलाही धाप लागते. यंदा पक्ष लागला त्याच दिवशी ती आपणहून म्हणाली, "चला भावजी, दवाखान्यात."

सुई टोचून झाली. तिनं दंडाकडे पाहिलं.

"यवढंच हुतं व्हय?"

लस यंदा एकोणीसशेला होती. मी पाकीट काढलं, तिनं हातानं थांबवलं. कमरेच्या पिशवीतून पैसे काढून तिनंच कंपाउंडरच्या हातावर ठेवले.