जांभळ्या फुलांचा तागा

ऐंशीचं दशक सरत आलं होतं. बाबा अंबरनाथच्या एका कारखान्यात कामाला होते आणि बाहेरून बी.ए. करत होते. नीतिशास्त्राच्या गाईडमध्ये त्यांना उपयुक्ततावाद सापडला आणि आमच्या घराचं वाटोळं झालं. ज्यात जास्तीत जास्त लोकांचं जास्तीत जास्त सुख, तेच बरोबर. प्रत्येकाचं सुख सारखंच मोजायचं, स्वतःचंसुद्धा. विहारात ‘बहुजन सुखाय’ आम्ही लहानपणापासून ऐकत होतो. बाबांनी ते थेट स्वयंपाकघरात लागू केलं. भाजी हात वर करून ठरू लागली. कारलं फक्त आईला आवडायचं, त्यामुळे ते घरात शिजेनासं झालं.

अशात ताईला बघायला कुळगावचे पाहुणे यायचे ठरले. तिला एकच हवं होतं, पोपटी साडी. बाबा उल्हासनगरला गेले आणि मोठाल्या जांभळ्या फुलांचा अख्खा तागाच उचलून घेऊन आले. एका चांगल्या साडीच्या पैशात सगळ्यांना नवे कपडे, वर पडदे. ताईची साडीही त्यातलीच, ना काठ ना पदर. तिनं रडायला सुरुवात केली.

“डोकी काय मोजताय? तिचं रडणं तोलून बघा,” आई म्हणाली.

हा आक्षेप गाईडमध्येही आहे, पण परीक्षेला येत नाही, असं बाबांनी सांगितलं. ताग्याच्या बाजूनं भावांनी हात वर केले. मीही केला, कारण माझ्या फ्रॉकला झालर लागणार होती.

पाहुणे आले आणि आम्ही बघतच राहिलो. मुलाचा शर्ट त्याच जांभळ्या फुलांचा होता. मागून त्याचा धाकटा भाऊ आला, तोही तसाच. ताई पोहे घेऊन पडद्यापुढं उभी राहिली तेव्हा तिचं फक्त तोंड दिसत होतं.

मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे, असं त्यांच्यातलं कुणीतरी म्हणालं.

“तुम्हाला कुठला रंग हवा होता?” ताईनं विचारलं.

“पांढरा,” तो हळूच म्हणाला. “पण घरात नऊ माणसं आहेत.”

ताई इतकी हसली की पोह्यांची बशी आईला धरावी लागली.

पाहुणे गेल्यावर बाबा खुशीत उभे राहिले आणि म्हणाले, स्थळ पसंत असेल त्यांनी हात वर करा. आमचे हात निम्म्यापर्यंत गेलेही होते.

“सगळ्यांनी हात खाली घ्या,” ताई म्हणाली. आम्ही घेतले. मग तिनं एकटीनं हात वर केला.

त्या संध्याकाळी आईनं कुणालाही न विचारता कारलं केलं.