दांडीवरची जागा

घरात विडी ओढणारा पुरुष परवडला, सोडणारा नको. ओढणारा निदान कोपऱ्यात गप्प बसतो. सोडणारा सकाळपासून गावभर सांगत सुटतो, आणि घरात तांब्याभर पाणी मागितलं तरी असं मागतो, जणू आपण त्याचं काही देणं लागतो.

आमचे हे माथेरानला हातरिक्षा ओढायचे. आमचं गाव डोंगराच्या पायथ्याशी, पोशीरच्या अलीकडे. भात झोडून झालं की गावातले अर्धे पुरुष डोंगर चढायचे, ते पावसाच्या तोंडावर खाली यायचे. कोणी हॉटेलात भांडी घासायला, कोणी घोड्यामागे पळायला, आणि ज्यांच्या छातीत दम ते रिक्षावर. तेव्हा लढाई चालू होती. साहेबलोकांना विलायतेला जाता येईना, म्हणून ते पोरंबाळं, कुत्री घेऊन माथेरानला येऊन राहायचे. हवा खायला आलोय म्हणायचे आणि चार पावलं पायी चालायला नकोत. बसले रिक्षात! ओढा मेल्यांना बाजारातून बंगल्यावर, बंगल्यावरून पॉइंटावर.

रिक्षाला पुढे दांडीत एक माणूस आणि मागे ढकलायला तिघे. दांडीतला म्हणजे रिक्षाचा म्होरक्या. वळण तो घेणार, उतारावर गाडी तो आवरणार, साहेब बोलणार ते त्याच्याशी. आमचे हे दांडीवर होते, आणि त्याचा तोरा काय विचारता! गावातल्या लग्नात पंगतीला बसले तरी पाट जरा पुढे ओढून बसायचे. मागे ढकलणाऱ्यांना हे माणसात धरत नव्हते.

त्या तोऱ्याला खोकला लागला. आधी सकाळचा, मग दिवसभराचा. एकदा चढावर खोकल्याची अशी उबळ आली की दांडी हातातून खाली गेली आणि आतली मडम पुढे कलंडली. लागलं काही नाही, पण किंचाळली मात्र खूप. मुकादमानं यांना बोलावून सांगितलं, "तुझी छाती गेली विडीनं. पुन्हा असं झालं तर दांडीवर तुझा चुलतभाऊ. तू मागं ढकल, नायतर घरी बस." चुलतभाऊ म्हणजे माझा चुलत दीर, त्याच रिक्षाला मागे ढकलायचा. तो तर टपूनच होता. यांना खोकला आला की हा मान वळवून दांडीकडे बघायचा.

तर पावसाळ्यात घरी आल्यावर हे विडी सोडायला निघाले. जिवासाठी नाही, माझ्यासाठी तर मुळीच नाही. दांडीसाठी.

आता सोडायची तर सोडावी की नाही गुपचूप? छे! आधी सगळ्या आळीला गोळा करून विड्यांचं बंडल विहिरीत टाकलं. विहीर पिण्याच्या पाण्याची. बायकांनी चार दिवस मला तोंड वर काढू दिलं नाही. संध्याकाळी बघते तर हे शेजाऱ्याच्या ओट्यावर, त्याच्या तोंडातून निघणाऱ्या धुराकडे तोंड करून बसलेले. म्हणे, "ओढत नाय, नुसता वास घेतोय."

मग सासूबाईंनी अक्कल शिकवली. आमच्या सासूबाई तव्यावर तंबाखू जाळून मशेरी करायच्या आणि दिवसातून चार वेळा दातांना घासत बसायच्या. दात कोळशासारखे. त्या बोट तोंडात ठेवूनच लेकाला सांगायच्या, "तंबाखू लई वाईट रं बाबा. सोड ती." मला हसावं की रडावं कळेना. मी म्हटलं, "आई, आदी ते बोट काडा तोंडातनं." तर म्हणाल्या, "ही दातांची दवा हाय गं. तुला काय कळतं?"

शेवटी हे वेशीवरच्या वेताळाला साकडं घालायला गेले. आमच्याकडे वेताळाला नारळाबरोबर विडी ठेवतात. नुसती नाही, पेटवून. देवाला थंड विडी चालत नाही. यांनी विडी सुटावी म्हणून नवस बोलला विडीच्याच देवाला! वर कबूल काय केलं, तर दर अमावास्येला बंडलभर विड्या ठेवीन. आणि पेटवणार कोण? दुसऱ्यानं पेटवली तर नवस फळत नाही म्हणे. पहिल्याच अमावास्येला हे देवापुढे बसून एकेक विडी तोंडात धरून, झुरका घेऊन, पेटवून दगडापुढे लावत होते. बंडल संपेपर्यंत डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं भक्तीनं. मी लांब उभी होते. म्हटलं, जळलं मेलं हे सोडणं. घरी दोन ओढत होते तेच बरं होतं.

पण खोटं कशाला बोलू, एवढं सगळं करून त्या वर्षी विडी सुटली. वेताळाचा नवस मीच जाऊन फेडून टाकला, एकरकमी, नारळावर. मग अमावास्या उरली नाही. हे चिडायचे, ताट सरकवायचे, पोरांवर ओरडायचे, हात कुठे ठेवावा ते कळत नसल्यासारखे सारखे कानामागे चाचपायचे, कारण विडी तिथेच खोचलेली असायची. पण तोंडात धरली नाही. खोकला उतरला. रिक्षा सुरू झाल्या तेव्हा हे ताठ मानेनं डोंगर चढले, आणि मला वाटलं, चला, जागा राहिली. घरातला तांदूळ शिमग्यापर्यंत पुरायचा. पुढचं सगळं त्या दांडीवर होतं.

थोड्या दिवसांनी चुलत दीर गावात येऊन सांगून गेला, "वैनी, दादाचा दम आता पयल्यापेक्षा कमी झालाय. मुकादम बोलत व्हता." सांगताना चेहरा दुःखी ठेवायची केवढी खटपट चालली होती मेल्याची! माझा विश्वास बसेना. विडी नाही, खोकला नाही, मग दम जाईल कुठे?

मी वालाच्या शेंगा आणि वांगी घेऊन बंगल्यांवर विकायला जायचेच. त्या दिवशी पाटी रिकामी झाल्यावर खाली न उतरता मी बाजाराच्या वरच्या चढावर झाडाखाली उभी राहिले. यांची रिक्षा आली. आत एक जाडाजूड साहेब, मांडीवर कुत्रं. चढाच्या मध्यावर रिक्षा थांबली. मागच्यातला एक म्हणाला, "साहेब, विडी पीता है." साहेबानं मान हलवली आणि स्वतःची सिगरेट काढली.

ही तिथली रीतच होती. दम लागला असं कोणी म्हणायचं नाही. दम लागलेला माणूस रिक्षावर कोण ठेवील? पण विडी प्यायला थांबलो म्हटलं की साहेबही थांबतो आणि मुकादमही. दोन थांब्यांमधल्या अंतराला ते विडीच म्हणायचे. अमका बंगला किती लांब, तर तीन विड्या. आणि साहेब आत बसलेला असला की दांडी खाली ठेवता येत नाही, नाहीतर तो तोंडावर येईल. कोणीतरी ती धरून उभं राहायचं. ज्याची विडी आधी संपेल त्यानं दुसऱ्याच्या हातातून घ्यायची, अशी पाळी होती.

मी काय पाहिलं? ते तिघे रस्त्याकडेला उकिडवे बसले, विड्या पेटवल्या, पाय ताणले. आणि आमचे हे दांडी धरून उभे. एकाची विडी संपली, त्यानं दुसरी लावली. यांच्या गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. एवढ्यात साहेबाच्या कुत्र्याला पाणी हवं झालं. तिघांतला एक बसल्या जागेवरून म्हणाला, "जा रं, तू मोकळाच हायस." तेवढ्यापुरतं उठून त्यानं एका हातानं दांडी धरली, हे पळत जाऊन झऱ्यावरून पाणी घेऊन आले, आणि आल्याबरोबर दांडी पुन्हा यांच्या हातात. मग निघाले. तिघे ताजे होऊन, हे धापा टाकत.

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी रस्त्यात आडवीच गेले. म्हटलं, "का रं, लाज नाय वाटत? पाळी मोडली कोणी?"

तिघांतला चुलत दीर जळती विडी तोंडात तशीच ठेवून पुढे आला आणि हसला. "वैनी, त्याला कुठं विडी प्यायचीय? बसून करंल काय?"

"बसंल! नुसता बसंल! माणसाला बसायला विडी लागती व्हय?"

तिघेही माझ्याकडे अशा नजरेनं बघायला लागले, जणू मी काहीतरी अचाट बोलले. खरंच, त्यांच्या डोक्यात ते शिरेनाच. नुसता बसलेला माणूस म्हणजे आळशी. विडी घेऊन बसलेला म्हणजे कामातला. एवढी अक्कल घेऊन हे लोक डोंगर चढत होते.

गडबड ऐकून मुकादम आला. यांना धापा टाकताना बघून तोंड वाकडं केलं. "बग! विडी सोडूनसुदीक तुला दम नाय. मंग दोष विडीचा नाय, छातीचाच हाय. उद्यापास्नं दांडी तुज्या भावाकडं."

मला वाटलं, आता तरी हे बोलतील. सांगतील, मला बसू देत नाहीत, मला उभं ठेवतात. तोंड आहे की नाही? पण दमलो म्हणायचं कसं? आणि बायकोसमोर, मागे ढकलणाऱ्या माणसांची तक्रार करायची? शोभतं का म्होरक्याला! यांनी दिराच्या कानामागची विडी उपटून घेतली, त्याच्याच जळत्या विडीवर पेटवली आणि दांडी त्याच्या छातीवर टेकवून म्हणाले, "धर. विडी पीतो."

आणि बसले. दिराला दांडी धरावी लागली. साहेबानं दुसरी सिगरेट काढली, मुकादमही थांबला. यांनी विडी अगदी सावकाश ओढली, बोट भाजेपर्यंत. मग उठून दांडीत शिरले आणि उरलेला चढ एका दमात चढले. मुकादम मागून ओरडला, "आता कसा!"

मी पाटी उचलली आणि डोंगर उतरले. वाटभर शिव्या देत होते. मुकादमाला, दिराला, त्या वेताळाला, आणि सगळ्यांत जास्त यांना. ज्या जागेपायी घर डोक्यावर घेऊन विडी सोडली, त्याच जागेपायी माणसानं पुन्हा तोंडात धरावी, आणि वर जिंकल्यासारखं चढून जावं? कीव करावी तर तेवढीही लायकी नव्हती एकाचीही.

जागा राहिली. तो हंगाम निघाला. दुसऱ्या हंगामात खोकला परत आला तो जायचं नाव घेईना, आणि होळीच्या आधीच एका दुपारी हे वळकटी काखेत मारून, वाटेत दहा ठिकाणी टेकत घरी आले. दांडीवर चुलत दीर गेला.

घरी बसल्यावर मात्र विडी सुटली. ना बंडल विहिरीत, ना नवस. ओट्यावर बसावं वाटलं की हे बसायचे, उठावं वाटलं की उठायचे. बसण्यासाठी काही पेटवायची गरजच उरली नव्हती. गाव कौतुक करायला लागलं. केवढा निश्चयाचा माणूस! येणारेजाणारे आपल्या पोरांना दाखवायचे. मी चुलीपाशी तोंड दाबून बसायचे. म्हणावं, बघा नीट, छाती फुंकून झाल्यावरचा निश्चय बघा.

ही कीर्ती वर पोचली. पुढच्या वर्षी, भाताची कापणी झोडणी उरकलेली, शेतं रिकामी, आणि मुकादमाचा माणूस दारात. म्हणाला, "मुकादमानं बोलवलंय. तुमच्या भावाला खोकला लागलाय, तवा त्याला काडलं. म्हणालं, विडी न पिणारा गडी पायजे दांडीवर. जागा तुमचीच हाय."

हे ओट्यावर होते. लगेच उठले. आत येऊन खुंटीवरचा सदरा घातला, मुंडासं बांधलं, आरशात बघितलं. मग हे मागच्या दारानं बाहेर पडले ते मागच्या शेताच्या बांधापर्यंत चालत गेले. नेहमीपेक्षा जरा भरभर, दांडी धरल्यासारखे हात पुढे धरून. बांध चढायला पाय वर टाकला आणि तिथेच थांबले. कमरेवर हात ठेवून किती तरी वेळ धापा टाकत वाकून उभे होते. मग बांध न चढताच वळले. आत येऊन मुंडासं सोडलं, घडी घातली.

माझ्याकडे न बघता म्हणाले, "त्याला सांग, शेताची कामं लई हायत. सवड नाय म्हणावं."

शेतात चिटपाखरू नव्हतं. ओट्यावर उभ्या मुकादमाच्या माणसाला सगळी शेतं मोकळी दिसत होती.

मी पदर खोचून बाहेर गेले आणि अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगितलं, "मुकादमाला म्हणावं, आमचे मोकळे बसल्यात व्हय? शेताची कामं लई हायत. सवड नाय त्यांना."