ठरवायचं कुणी?

शर्टांच्या कारखान्यात तिला सगळे चेकरबाई म्हणत. शिवून झालेला प्रत्येक शर्ट शेवटी तिच्या टेबलावर यायचा. ट्यूबलाइटखाली ती कॉलरची दोन्ही टोकं जुळवून बघायची, काजांत बोट घालायची, बटणं ओढून पाहायची, बाही उलटी करून शिवण तपासायची आणि कुठे दोरा लोंबत असला तर छोट्या कात्रीने टिपून टाकायची. तिने पुढे सोडलेला शर्ट सहसा परत यायचा नाही. सुपरवायझर नव्या मुलींना सांगायचा, "बाईंच्या नजरेतून दोष सुटत नाही. तुमचे चेहरे जरा जपून दाखवा त्यांना."

ती नजर कुठून आली होती हे मात्र तिचं तिला ठाऊक होतं. काहीतरी बिघडणार आणि ते आपल्यामुळेच बिघडणार, ही धास्ती तिच्या पाचवीलाच पुजलेली. कुलूप लावून जिना उतरायची आणि गॅस बंद केलाय का म्हणून पुन्हा वर चढायची. दुकानात दोन कपबश्या निवडायच्या म्हटल्या तरी तिला घाम फुटायचा.

नवरा अगदी उलट. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर लिफ्टच्या अंधाऱ्या पोकळीत दोरखंडांवर आणि चाकांवर काम करून ग्रीसने माखलेला घरी यायचा आणि दारातूनच तिची चेष्टा सुरू करायचा. "अगं, ते कुलूपसुद्धा कंटाळलंय तुला. किती ओढशील त्याला!" संध्याकाळी काय शिजवायचं इथपासून मुलीला शिकायला कुठे पाठवायचं इथपर्यंत ती म्हणायची, "तुम्हीच सांगा." तो सांगायचा. वर म्हणायचा, "चुकलं तर माझ्या नावावर टाक."

तिची देवावर श्रद्धा होती, पण तिथेही धास्ती सोबतीला. सकाळी खिडकीपाशी हात जोडून ती काळज्यांचा पाढा सुरू करायची. मुलीचा खोकला, नवऱ्याच्या कामातला धोका, गळकं छत, कारखान्यात कुणालातरी कमी करणार अशी कुजबुज. नवरा चहा पीत ऐकत बसायचा. एकदा तो म्हणाला, "तू त्याला सगळं सांगतेस आणि लगेच उठून डबे भरायला जातेस. त्याला काही बोलायचं असलं तर त्याने कुणाशी बोलायचं?"

"उशीर होतो," ती म्हणाली होती.

आणि मग एका दुपारी तिच्या टेबलाजवळचा फोन वाजला. नवरा एका इमारतीत काम करता करता कोसळला होता. मेंदूत रक्तस्राव झाला होता. ती हातातला शर्ट तसाच घेऊन धावली. इस्पितळाच्या दारात पोचल्यावर तिच्या ते लक्षात आलं.

ऑपरेशन झालं. तो जगला, पण जागा झाला नाही. मधूनच डोळे उघडायचा, पण त्या डोळ्यांत ओळख नव्हती. नाकात नळी, घशात नळी. एक बाजू लुळी पडलेली आणि दुसरा हात पलंगाच्या दांडीला पट्टीने बांधलेला, कारण तो सुटला की नळ्या उपटायला जायचा. वसतिगृहातून मुलगी आली. ती वडिलांच्या उशाशी बसून त्यांना कॉलेजातल्या गमती सांगायची, जणू ते आता हसतीलच. चेकरबाई पायथ्याशी उभी राहून चादरीच्या सुरकुत्या काढत राहायची.

एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी तिला खोलीत बोलावलं. वयाने लहान होत्या, पण त्यांनी आडपडदा ठेवला नाही. "गळ्याला छिद्र पाडून कायमची नळी बसवता येईल, डोक्याचं आणखी एक ऑपरेशनही करता येईल. त्याने ते कदाचित बराच काळ जगतील. पण कुणाला ओळखतील, असं मला वाटत नाही. नाहीतर उपचार इथेच थांबवायचे. घरी न्यायचं. त्यांना त्रास होऊ नये एवढं आम्ही बघू. मग जे काही दिवस मिळतील ते."

"तुमचं माणूस असतं तर?" तिने विचारलं.

डॉक्टरीणबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "ताई, त्यांना मी ओळखत नाही. तुम्ही ओळखता. हे तुम्हीच ठरवायला हवं."

आयुष्यभर ज्याला "तुम्ही सांगा" म्हटलं, तो आत पडून होता, आणि त्याच्याचबद्दल तिने सांगायचं होतं.

तिने देवाकडे खूण मागितली. इस्पितळाच्या फाटकाशी उभी राहून मनाशी म्हणाली, आधी पांढरी गाडी आली तर घरी, लाल आली तर ऑपरेशन. पांढरी आली. तिला वाटलं, ही धरायची नको, पुढची बघू. पुढची लाल आली. तिला स्वतःचंच हसू आलं आणि त्या हसण्यातूनच रडू फुटलं. फाटकावरचा पहारेकरी खुर्ची घेऊन आला आणि तिच्याजवळ ठेवून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आया नवऱ्याला पुसायला आली. दांडीची पट्टी सोडताना ती म्हणाली, "बाई, हा हात धरा जरा. सोडला की ओढाओढ करतात."

तिने हात धरला. ग्रीसचे डाग अजून नखांच्या कडांना होते. हाताने एकदा झटका दिला, दोनदा दिला आणि मग तो तिच्या तळव्यात सैल पडला. नळीकडे गेला नाही, कुठेच गेला नाही. आया पाठ पुसत होती, पाण्याचा आवाज येत होता. चेकरबाईने डोळे मिटले. रोजच्या सवयीने मागणं ओठांवर आलं, पण मागायला काही उरलंच नव्हतं. पहिल्यांदाच ती देवापुढे नुसती बसली.

तिला देवाचा आवाज ऐकू आला नाही. उजेडबिजेड काही दिसला नाही. फक्त इतके दिवस छातीत चाललेली घालमेल थांबली, आणि रडून दमलेल्या मुलाच्या पाठीवर कुणीतरी हात ठेवावा तसं तिला वाटलं. त्या हाताने तिला ढकललं नाही. ह्यांना आता पुन्हा बांधायचं नाही, एवढं तिला कळलं. पुढचं काही कळलं नाही.

"घरी नेते," ती डॉक्टरीणबाईंना म्हणाली.

घरी त्याचा पलंग खिडकीपाशी लावला. नळ्या काढल्या होत्या, हात मोकळा होता. ती त्याचे ओठ ओल्या कापसाने पुसायची, कूस बदलायची. मुलगी तिच्याशी कामापुरतंच बोलायची. आणि एका सकाळी, ती त्याच्या उशीचा अभ्रा बदलत असताना, त्याने एक श्वास सोडला आणि पुढचा घेतलाच नाही. अभ्रा हातात धरून ती वाट बघत राहिली.

थोरले दीर आले ते भावाच्या पायांवर कोसळले. इस्पितळात ते एकदाच येऊन गेले होते. भावाला तसं बघवत नाही म्हणायचे. घर माणसांनी भरलेलं असताना ते तिच्याकडे वळले. "ऑपरेशन केलं असतं तर उठला असता तो. तू त्याला उचलून आणलंस मरायला."

सगळ्यांनी नजरा वळवल्या. मुलीनेही.

ते वाक्य तिच्या काळजात रुतून बसलं. ती शांतता, तो पाठीवरचा हात, सगळं खोटं तर नव्हतं? आपण दमलो होतो, सुटका हवी होती, आणि त्यालाच देवाचं नाव दिलं? सकाळी ती खिडकीकडे पाठ करून बसू लागली. कारखान्यात गेली तर प्रत्येक शर्टात दोष दिसायचा. कॉलर वाकडी वाटायची, मोजली की सरळ भरायची, मोजपट्टी बाजूला ठेवली की पुन्हा वाकडी. एकदा ती तोच शर्ट हातात घेऊन सुटीची घंटा होईपर्यंत उभी होती. टेबलावर ढीग साचला. सुपरवायझरने तिला घड्या घालायच्या कामाला लावलं. ओरडला नाही, त्यामुळे तिला जास्तच लागलं.

एका दुपारी दोघी मायलेकी बाबांचे कपडे आवरत होत्या. मुलीने एकदम विचारलं, "आई, तुला खात्री होती?"

हो म्हणणं सोपं होतं. "नाही," ती म्हणाली. "आजही नाही."

"मग कसं ठरवलंस?"

"मी ठरवलं असं मला वाटतच नाही गं. त्यांचा हात सोडवायचा, एवढंच दिसलं होतं. तेवढं केलं. देवानेच दाखवलं असं तेव्हा वाटलं. आता त्याला विचारायचीही भीती वाटते. तो नाही म्हणाला तर?"

मुलगी वडिलांच्या सदऱ्याची घडी घालत होती, मोडत होती. "मला तुझा राग आला होता. खूप. पण तुला एक सांगायचं राहिलंय. घरी आणल्यावर तू स्वयंपाकघरात होतीस, मी पलंगाच्या कडेवर डोकं टेकून पडले होते. आणि बाबांनी माझ्या केसांतून हात फिरवला."

चेकरबाई खाली बसली.

"त्यांनी ओळखून फिरवला की हात आपोआप हलला, मला माहीत नाही," मुलगी म्हणाली. "डॉक्टर म्हणतील आपोआप. पण बांधलेला असता तर..." दोघी त्या कपड्यांच्या ढिगात एकमेकींना धरून रडल्या, अगदी हुंदके देऊन. शेजारीण दार वाजवून गेली तरी कुणी उठलं नाही.

त्याने दुःख हलकं झालं नाही. उलट आता ते पुरतं कळलं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती खिडकीकडे तोंड करून बसली. काही मागितलं नाही. डबा भरायला उशीर झाला.

दीर पुढे एकदा आले. माफीबिफी मागितली नाही. खुर्चीच्या टोकावर बसून चहा थंड होऊ दिला आणि म्हणाले, "शेवटी त्रास झाला का त्याला?"

"नाही, दादा. झोपेत गेल्यासारखे गेले."

ते मान हलवत राहिले. ती म्हणाली, "तुम्ही म्हणालात तसं असेलही. उठलेही असते. मला माहीत नाही." त्यावर त्यांनी तोंडाला रुमाल लावला आणि चप्पल घालून निघून गेले. तेव्हापासून ते येतात, बसतात, फार बोलत नाहीत.

मुलीने जाहीर केलं की ती आता कॉलेजला परत जाणार नाही, आईजवळ राहणार. नात्यातले सगळे म्हणाले, बरोबर आहे, एकटी कशी राहील ती? चेकरबाईच्या मनातही त्याहून काही वेगळं नव्हतं. रिकाम्या घरात किल्ली फिरवायच्या कल्पनेनेच तिचा जीव गोळा व्हायचा. त्या सकाळी खिडकीपाशी ती बराच वेळ बसली. जे कळलं ते तिला मुळीच आवडलं नाही. उठून तिने मुलीची बॅग माळ्यावरून काढली.

"आई, नक्की ना?"

"नक्की काही नाही. पण जा."

बस निघाली तेव्हा मुलगी खिडकीतून मान काढून मागे बघत होती. वळणावर बस दिसेनाशी झाली आणि चेकरबाई तिथल्याच बाकावर बसून लोकांची पर्वा न करता रडली. नवऱ्याच्या नावाने रडली, मुलीच्या नावाने रडली. मग मनातच म्हणाली, "देवा, आता?"

बाजूला एक म्हातारा सामान बांधत होता, गाड्या येत-जात होत्या. थोड्या वेळाने तिला वाटलं, उठावं. ती उठली आणि घराकडे चालू लागली.