मधली चित्रं

पेंटरआण्णा माणसाचा चेहरा विसरत, चाल मात्र कधीच विसरत नसत. बेळगावच्या अनगोळमधल्या दुकानात मराठी-कानडी पाट्या रंगवता रंगवता रस्त्यावरचे नुसते पाय बघून ते माणसाला नावानं हाक मारत. कॉलेजात असताना चित्रं शिकायला मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा नावगाव काही विचारलंच नाही. "उजवी टाच दुखतीया न्हवं गं?" एवढंच म्हणाले. पिरनवाडीहून बसमध्ये उभी राहून आले होते, दुखत होती खरी.

तरुणपणी ते मुंबईत एका कार्टून स्टुडिओत होते. मोठा चित्रकार पाय उचलल्याचं एक चित्र काढी आणि टेकल्याचं दुसरं. त्यांच्यामधली सगळी आण्णांसारख्यांनी काढायची. "माणूस चालतोय त्यो मधल्या चित्रांत," हे ते दिवसातून दोनदा तरी ऐकवत. परदेशातली जुनी कार्टूनंही अशीच झाली म्हणे. पारदर्शक कागदावर रेघा गिरवणाऱ्या बायकांनी खोल्याच्या खोल्या भरलेल्या, आणि पडद्यावर नाव एकट्या मालकाचं. बोलता बोलता इथवर आले की त्यांचा आवाज चढायचा. "सात वर्सं राबलो. नाव एकदाबी आलं न्हाई."

म्हणून त्यांची एक शिस्त होती. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात, कॅमेऱ्यात येणार नाही अशा जागी, काढणाऱ्यानं आपलं अक्षर टाकायचं. "पडदा इसरंल, कागद इसरत न्हाई," म्हणायचे. त्यांनी मला स्वतःच्या हातच्या एका चालीचे बारा जुने कागद दिले. प्रत्येकावर बारीक 'ग' होता. मी माझ्या कागदांवर 'सु' टाकू लागले.

मग आम्ही फिल्म करायला घेतली. निपाणीत विड्या वळणाऱ्या एका बाईची, चार मिनिटांची. गोष्ट आण्णांची, हात माझ्या मावशीचे. तिच्या शेजारी बसून मी पान कातरणं, तंबाखू भरणं, दोरा गुंडाळणं बघून बघून काढलं. दोन वर्षांत नऊशेवर कागद झाले. खालून दिवा लावलेल्या काचेवर वाकून वाकून मान धरली, पण आण्णा एकेक कागद मोबाईलनं टिपायचे तेव्हा मला आभाळ ठेंगणं व्हायचं.

बेळगावात एका सभागृहात ती दाखवली. मावशीला मी मुद्दाम निपाणीहून आणलं होतं. सुरुवातीला पाटी आली, 'कथा, चित्रे, दिग्दर्शन', आणि खाली आण्णांचं नाव.

"तुझं कवा येतंय गं?" मावशीनं विचारलं.

"शेवटी येतं, मावशी."

शेवट झाला, दिवे लागले. लोक टाळ्या वाजवत होते. मावशी पडद्याकडे बघतच राहिली. माझ्याकडे बघायचं तिनं टाळलं.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. "आण्णा, माझं नाव न्हाई."

ते ब्रश धूत होते. वर न बघता म्हणाले, "माझं तरी कुटं आलतं?"

ते चिडले असते, खोटं बोलले असते, तरी मला चाललं असतं. पण ज्या अन्यायावर त्यांनी मला वाढवलं, तोच त्यांनी मला रीत म्हणून दिला. मी पुन्हा त्या दुकानाची पायरी चढले नाही. गेल्या वर्षी आण्णा वारले, तेव्हाही मी गेले नाही.

आता माझी स्वतःची फिल्म तयार झाली आहे. तिच्यात एक म्हातारा बाजाराला जातो. त्याची चाल कितीदा काढली तरी जमेना. शेवटी ते 'ग' वाले बारा कागद बाहेर काढले, त्यांवरची चाल गिरवली आणि म्हातारा चालायला लागला. नावांची यादी करायला बसले तेव्हा तीन दिवस एक ओळ लिहीत आणि खोडत होते.

मावशीला फिल्म घरीच दाखवली. माझं नाव तिनं बोट ठेवून वाचलं. मग बोट खाली सरकलं. 'मधली चित्रं', आणि पुढे आण्णांचं पूर्ण नाव.

"त्येचं कशाला घातलंस?"

"चाल त्येंची हाय, मावशी," मी म्हणाले. राग अजून आहे तसाच आहे.