दुसरीचं बालपण

नागपुरात कॉलेजात असताना मी हौसेनं रशियन शिकले होते. नव्वदीच्या दशकात अमेरिकेत कॅरी गावाजवळ समाजशास्त्र शिकायला गेले, तेव्हा त्याच रशियनमुळे मला काम मिळालं. रशियातून वर्षभरासाठी आलेल्या एका प्राध्यापक बाईंच्या मुलाखतींच्या टेप ऐकून कागदावर उतरवायच्या.

बाई म्हणायच्या, "आमच्याकडे वर्षानुवर्षं छापील प्रश्नावल्या भरून घेतल्या. लोक जे लिहायला हवं तेच लिहायचे. आता आम्ही एकच म्हणतो, तुमचं आयुष्य सांगा. मग गप्प बसतो."

आपल्या मुलाकडे राहायला आलेल्या एका रशियन आजींची त्यांनी मुलाखत घेतली. वडील रेल्वेत सिग्नलवाले, धाकटा भाऊ नदीवरचा बर्फ फुटून बुडालेला. महिन्याभरानं बाईंनी पुन्हा तेच विचारलं. ती दुसरी टेप उतरवताना माझा हात थांबला. शब्द न् शब्द तोच. भाऊ बुडतो तिथे खोकलाही तोच. मी दोन टेपरेकॉर्डर शेजारी ठेवून दोन्ही टेप एकदम लावल्या. आवाज एकच आला.

तिसऱ्या वेळी बाईंनी मलाही नेलं. खिडकीत लख्ख ऊन, एसीची घरघर. आजींनी पुन्हा तेच सांगितलं. बाई गप्पच राहिल्या. मग आजी माझ्याकडे बघू लागल्या. माझ्याकडे नाही, माझ्या खांद्यामागे.

"हे सगळं हिचं आहे," त्या म्हणाल्या.

मी वळून पाहिलं. मागे नुसती भिंत.

"होस्टेलात माझ्या खोलीत होती. तापानं गेली. माझे वडील चर्चमध्ये पाद्री. सोव्हिएत राजवटीत पाद्र्याच्या मुलीला पुढे कोण शिकू देणार? मी हिचं घर पाठ केलं. कचेरीत तेच सांगितलं, नवऱ्यालाही तेच." त्यांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. "आता आई आठवायला गेले, की हिची आई येते. तिला मी कधी पाहिलंसुद्धा नाही."

गाडीत मी विचारलं, "म्हणजे त्या खोटं बोलल्या?"

"खोटं का सांगावं लागलं, ते आधी शोधायचं," बाई म्हणाल्या. "तुझं सांग."

"आम्ही पुण्याचे. वडील शाळेत मास्तर..." माझ्या तोंडून घडाघडा निघालं. मराठी मंडळात एका काकूंनी पहिल्याच दिवशी खोदून खोदून आडनाव विचारलं होतं, तेव्हा रचलेलं. खरं तर आम्ही नागपूरच्या वस्तीतले बौद्ध, बाबा गिरणीत. मी घाईघाईनं बाबांचा चेहरा आठवू लागले. डोळ्यांपुढे आला तो पांढऱ्या सदऱ्यातला, हातात खडू धरलेला कुणी अनोळखी माणूस.

आजींनी मुलाखत वापरायला परवानगी दिली नाही. बाईंनी तिन्ही टेप त्यांना परत केल्या.

मी काकूंकडे जाऊन खरं सांगितलं. त्यांचा जेवण वाढणारा हात क्षणभर थांबला. "बरं झालं सांगितलंस," त्या म्हणाल्या, आणि त्यानंतर त्यांचे फोन येईनासे झाले. पण त्यांच्याकडे जाण्याआधीच मी नागपूरला फोन लावला होता.

"बाबा, तुम्ही गिरणीत कुठल्या खात्यात होतात?"

"अगं, असं काय विचारतेस? विसरलीस का?"

"तुम्ही सांगा," मी म्हटलं. "अगदी पहिल्यापासून."