गोणपाटावर रंग धरत नाही

वस्तीतली निम्मी दारं मिस्त्रीच्या हातची. खोक्यांच्या फळ्या, मोडक्या बाकांचे तुकडे, मिळेल त्याचं तो दार करी. स्वतःच्या खोलीला मात्र वर्षानुवर्षं गोणपाट. बायकोने टोमणे मारून जीव नकोसा केला, तेव्हा कुठे एका पाडलेल्या कचेरीतलं लाकूड आणून त्याने घराला दार लावलं. बायको दिवसभर उगाचच कडी लावत-काढत बसली.

पुढे शेजारच्या खोलीत पाठच्या भावाचा संसार सुरू झाला. नवी नवरी गोणपाटाआड कशी निजेल, म्हणून मिस्त्रीने स्वतःचं दार उतरवून तिकडे बसवलं. थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, असं बायकोला सांगितलं. तिने भांडी बरीच आपटली.

आणि नेमके त्याच आठवड्यात मोजणीवाले आले. सरकार पक्की घरं देणार होतं. ज्याच्या दारावर नंबर, त्याला घर. गोणपाटावर काही रंग धरेना. ही शेजारची गोणपाटाची खोलीही तुमचीच ना, असं त्यांनी भावाला विचारलं. भाऊ हो म्हणाला. शेजारी उभा असलेला मिस्त्रीही मान हलवून मोकळा झाला. नंबर आपल्याच दारावर पडलाय, मग घर जातंय कुठे? या शहाण्याचा हिशेब हा असा.

घर भावाला मिळालं. वस्तीवर यंत्र फिरलं आणि मिस्त्री बायकोला घेऊन नाल्याकडेला ताडपत्रीखाली आला. कचेरीचे उंबरे झिजवल्यावर साहेब एकदाचा म्हणाला, की दोन घरं वेगळी होती एवढं भावाने येऊन सांगितलं तर तुमचंही बघू. मिस्त्रीचा जीव भांड्यात पडला. पाठचा भाऊ, नाही कशाला म्हणेल?

भावाच्या नव्या इमारतीत बायकोला खाली जिन्यात बसवून तो वर गेला. दार बोटभरच उघडलं. आतली साखळी त्यानेच बसवून दिली होती, तीही फुकट.

“दादा, आता तसं सांगितलं तर मी खोटा ठरेन,” भाऊ फटीतून म्हणाला. “माझंच घर जाईल.”

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण बोलणार कुणाशी? दार लागलं होतं.

खाली येऊन त्याने बायकोला सांगितलं, घरात कुणी नाही.

“मग साखळी कुणी वाजवली?” तिने विचारलं.